धनराजभाऊचा थाई भात

किस्से कसे साचते, सांगू? ऊर्जानगरच्या क्वार्टरमधी एका घरी फोडणी पडली का वास तीन मजले फिरते, अन् वासाच्या मागं माणसं येते. मंग कोणी ना कोणी काहीतरी बोलतेच! आमच्या बिल्डिंगीत सध्या चालू असलेले सगळे किस्से धनराजभाऊच्या थाई फ्राइड राईसचे.

धनराजभाऊ माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मूळचा चिमूरकडचा, इथल्या विजेच्या प्लांटात क्रेन चालवते. त्याच्या पोरीचं, प्रीतीचं, लग्न झालं अन् तिनं सासरी फुशारकी मारली, "माह्या बाबाच्या हातचा झिंग्याचा थाई भात खाऊन तं पाहा!" बाबानं जन्मात चहाच्या पुढं काई केलं नव्हतं. अन् नवा जवाई पहिल्यांदा जेवायले येणार! पोरीची इज्जत पणाले लागली. "आता शिकाच लागते," भाऊ म्हणाला. अन् शिकला, आमच्या जिवावर.

*

पहिले झिंगे, म्हणजे तुमची कोळंबी. मी सोबत होतो. भाऊनं बाजारात मासोळीवालीले विचारलं, "बाई, थाई झिंगे आहेत का?"

"थाई? हे कुठी आलं, सिंदेवाहीच्या पुढं का?"

"नाई बाई, फॉरेनले."

बाईनं टोपलीतले तळ्याचे झिंगे तराजूत टाकले. "मंग हेच न्या भाऊ. कढईत गेल्यावर त्यायले कोण गाव पुसते!"

*

मंग मिरची. भाऊ मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून शिके, त्यातली बाई म्हणे चार टाका. भाऊ म्हणाला, "चार मिरच्या तं आमच्या पोह्यात जाते!" अन् मूठभर भिवापुरी कढईत. असा ठसका उठला का अख्खी बिल्डिंग खोकत सुटली. आता आम्ही पडलो प्लांटातली माणसं, गॅसगळतीची मॉक ड्रिल अंगात मुरलेली. वरच्या मजल्यावरचे सेफ्टीवाले बोरकरसाहेब नाकाले ओला रुमाल लावून, वाऱ्याची दिशा पाहून, सगळ्यायले मैदानात घेऊन आले. वरून हजेरीबी घेतली! सगळ्यात शेवटी नाक पुसत भाऊ उतरला.

"काय लीक झालं?" साहेब ओरडले.

"काई नाई साहेब. झिंगे शिजून राह्यले."

*

एकानं नागपूरहून फिश सॉसची बाटली आणून दिली. ड्यूटी सुटल्यावर कंपनीच्या बसमधी भाऊच्या पिशवीत तिचं झाकण ढिलं झालं. अगागागा, तो वास! ड्रायव्हरनं बसच थांबवली. "उंदीर मेला वाटते!" सगळे सीटखाली वाकून शोधायले लागले. सगळ्यात जास्त मन लावून कोण शोधत होतं? धनराजभाऊ!

*

व्हिडिओत थाई तुळस होती. भाऊ कैची घेऊन निंघाला कुंडीतल्या तुळशीकडं. सुनंदावहिनी, म्हणजे भाऊची बायको, आडव्या आल्या. "झिंग्यात तुळस? हात तं लावून पाहा! जवाई येयाच्या आधी तुमालेच पोचवीन!"

शेवटी वर्कशॉपातल्या आमच्या सलीमच्या घरी सब्ज्याचं झाड सापडलं, वास जवळपास तोच. सलीमची अम्मी पाला तोडून देयाले तयार, पण अट एकच, पहिला घास तिचा. तिनं घास घेतला अन् डोळे मिटले. आम्ही तिच्या तोंडाकडं पाहून राह्यलो.

"बेटा," अम्मी म्हणाली, "पत्ता तो लाजवाब है. बाकी सब निकाल दे!"

*

पण खरं सांगतो, हळूहळू भाऊचा हात बसला. शेवटच्या खेपेले तं मी मागून खाल्ला.

जवाई येयाच्या आदल्या दिवशी भाऊनं एचएमटी तांदळाचा भात शिजवून फ्रिजमधी ठेवला. फ्राइड राईसची खरी गोम तेच, थंडगार मोकळा भात. सकाळी पाहते तं भांडं रिकामं!

"भात कुठी गेला?"

"गाईले टाकला," वहिनी म्हणाल्या. "जवाई पहिल्यांदा येते अन् त्याले शिळा भात वाढता? पोरीनं सासरी तोंड कसं दाखवाचं?"

पाहुणे तं फाटकात आले होते! वहिनीनं घाईघाईनं ताजा भात लावला, भाऊनं तो गरमगरमच कढईत ढकलला. झिंगे, सब्जा, मिरची, सगळ्याचा मिळून एक गोळा झाला.

जवाईच्या जोडीले पंगतीत मी होतो. प्रीती ताटाकडं पाहे, मंग बापाकडं. भाऊचं तोंड एवढंसं झालं होतं, मले लई वाईट वाटलं. जवाई मात्र मुकाट्यानं जेवला. मागून घेतलं. पुन्हा घेतलं. बोटं चाटली.

"मामाजी, खिचडी झकास झाली! आता तुमचा तो थाई भात येऊ द्या."

भाऊ माझ्याकडं पाहे, मी पंख्याकडं. तेवढ्यात वहिनी पदर सावरत पुढं आल्या.

"तो उद्या, जवाईबापू! त्याले भात शिळा व्हा लागते."