लातूरच्या गाडीत काढलेलं एक चित्र

एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराच्या विनोदी चित्रांचा संग्रह हाती लागला आणि मी घरात एकटीच हसत सुटले. सगळी पॅरिसची साधी माणसं. बूट चावतोय म्हणून तोंड वाकडं केलेला कारकून, बायकोची बडबड चुकवायला उशी डोक्यावर ओढणारा नवरा, आगगाडीत एकमेकांवर पेंगणारे प्रवासी. मनात आलं, आपल्या एसटीत तरी वेगळं काय असतं? चित्रांची वही घेतली आणि साताऱ्याहून नांदेड गाठलं.

पहिला दिवस विष्णुपुरीला गेला. धरणापाशी फोटोसाठी पोट आत ओढून उभे राहिलेले एक काका मिळाले. त्यांना कळायच्या आत मी ते पोट कागदावर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर गरम सुशीला खाल्ली. कुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वर दाण्याचा कूट, पोट छान भरतं. मग लातूरची साधी गाडी पकडली. बायकांना अर्धं तिकीट. सकाळी निघालात तर उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येतं.

लोहा मागे पडलं तेव्हा पलीकडच्या बाकावरच्या मावशी गाढ झोपल्या होत्या. तोंड उघडं, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर, आणि तो बिचारा दांडी धरून बाकाच्या कडेवर टेकलेला. मी भराभर काढलं. मागच्या माणसानं डोकावून वही मागितली, ती हातोहात कंडक्टरपर्यंत गेली. हशा झाला आणि मावशी जाग्या झाल्या.

"माझंच हाय न्हवं?" परत येणारी वही मधेच हातात घेत त्यांनी विचारलं. "लेक बाळंत झाली. दोन रात्री दवाखान्यात जागून राहिले मी. जरा डोळा लागला, तर हसाय लागलेत समदे."

"चुकलं माझं, मावशी. फाडून टाकते."

"फाडून काय होतंय, ताई?" त्यांचा नवरा हळूच म्हणाला.

मावशींनी चित्र नीट न्याहाळलं. मग वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता माझी नात बी काढा ह्यात. मी सांगते कशी हाय ती. डोकं केसानं भरलेलं. मूठ आवळलेली. अन् नाक..." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "नाक समदं ह्यांचं घेतलंय."

मुठीएवढ्या चेहऱ्यावर मी आजोबांचं भलंमोठं नाक चढवलं. मावशींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. "अगं माय माय!" आजोबांनी नकळत आपलं नाक चाचपलं, तेव्हा अख्खी गाडी हसली.

चाकूरला ते उतरले. मी काढून दिलेलं ते पान दवाखान्याच्या फायलीत नीट ठेवून घेऊन गेले.

लातूरच्या गंजगोलाईत, त्या गोल बाजारात, मी प्रत्येकाला विचारूनच चित्र काढलं. तिघांनी चक्क नको म्हटलं. बाकीचे टोपी, पदर सावरून बसले.

घरी आईनं वही चाळली. "सगळे फोटोला बसल्यासारखे दिसतायत गं." खरंच होतं ते. विचारलं की गंमत पळते, आणि न विचारता काढायचा धीर आता होत नाही. मी तिला मावशींची हकीकत सांगितली.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "माझं काढ. पण मी काही सावरून बसणार नाही." आणि पुढची जुडी सोडली.