वाळायला ठेवलेलं गवत

सुलेखा गजभियेने नागपूरच्या कॉलेजात आठ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. नवऱ्याला अमेरिकेत सांता क्लाराला नोकरी लागली म्हणून तीही आली, पण तिच्या डिग्रीला इथे कुत्रं विचारीना. शेवटी १९८४ साली ती एका म्युझियममध्ये गार्ड म्हणून उभी राहिली. खोलीला खिडकी नव्हती. मधोमध कुणा कलाकाराने टेकडीवरून कापून आणलेला गवताचा चौकोन होता. तीन महिने दिव्यांखाली, लोकांदेखत त्याने वाळून जायचं, हीच म्हणे कलाकृती. सुलेखाने आठ तास त्याच्याशेजारी उभं राहायचं, कोणाला हात लावू द्यायचा नाही, स्वतःही लावायचा नाही.

आईने लावलेली सवय मात्र सुटली नव्हती. उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. ड्यूटी संपताना ती बाटलीतलं घोटभर पाणी गवताच्या एका कोपऱ्यात ओतायची, आणि हे तिच्या ध्यानातही नव्हतं. दोन आठवड्यांत तो कोपरा हिरवागार झाला.

म्युझियमचे साहेब आले. त्यांनी आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या बाटलीकडे. आवाज न चढवता म्हणाले, "सुलेखा, हे मरताना बघायलाच लोक येतात. हिरवं तेवढं उपटून टाक."

हात लावायची परवानगी मिळाली ती अशी. मुळं घट्ट धरून बसली होती. गुडघे टेकून तिने एकेक काडी उपटली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपताना बाटली पुन्हा त्या कोपऱ्यावर कलली. तिने हात आवरला, गवताकडे पाठ केली आणि तहान नसताना सगळं पाणी पिऊन टाकलं.