अण्णांनी सोडलेले मासे

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, जन्मात कधी मासा खाल्ला नाही आणि मासे धरणं कधी थांबवलं नाही. सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं दुकान, घर लिंगायतांचं, स्वयंपाकघरात अंड्यालाही बंदी. आणि दुकानाच्या माळ्यावर, ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर कापडाचे तागे गुंडाळून येतात तशा एका नळीत, गळाची काठी. "ती काठी उंबऱ्याच्या आत आली की मी बाहेर," असं सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, म्हणून काठीचा मुक्काम कायम दुकानात. मी सून म्हणून आले तेव्हा नवऱ्यानं ही गोष्ट मला अशा आवाजात सांगितली, की घराण्यात कुणी तुरुंगात जाऊन आलंय असं मला वाटलं.

दुकान बंद असेल त्या दिवशी अण्णा सकाळच्या एसटीनं करमाळ्याकडे जायचे. तिथे भीमेवरच्या धरणाच्या पाण्यावर दगडू नावाचा मासेमार त्यांचा दोस्त होता. दगडू होडीतून जाळं टाकायचा, अण्णा काठावर गळ टाकून बसायचे. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी. मासा निसटू नये म्हणून गळाच्या टोकाला एक उलटा काटा असतो, तो अण्णांनी शेजारच्या सोनाराकडून बारीक कानस आणून घासून टाकलेला. मासा आला की नव्या मलमलीच्या तुकड्यात त्याला बाळासारखं धरायचं, हलकेच गळ काढायचा आणि पाण्यात सोडताना म्हणायचं, "होगप्पा." म्हणजे, जा बाबा. अण्णा गिऱ्हाइकाशी मराठी बोलत, सासूबाईंशी अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि माशांशी निव्वळ कानडी.

"सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?" मी एकदा विचारलं.

"लहानपणी एक मासा हातातच मेला, पोरी. आईनं शपथ घातली, तुझ्या हातनं जीव जायला नको म्हणून. मारू नको म्हणाली. धरू नको, असं काही म्हणाली नव्हती की."

एक चांगला वकील कापडात वाया गेला, असं मला तेव्हा वाटलं.

दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून एक जुनं कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. बर्फाचे डोंगर, खळाळती नदी, तीत कमरेइतक्या पाण्यात उभा एक गोरा माणूस आणि त्याच्या हातात हा एवढा मासा. सत्तरी उलटल्यावर एके दिवशी अण्णांनी ते पान सोडवून माझ्यापुढे ठेवलं. "हे कुठं आहे, बघ मोबाईलवर." मी शोधलं. मासा सालमन निघाला, आणि तो आपल्या देशात कुठे नाही. अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग त्याच्या भावकीतला कुणी हाय का बघ."

भावकी निघाली. हिमाचलातल्या थंड नद्यांमध्ये ट्राउट असतो, तो सालमनच्याच कुळातला. तिथे मासे धरायला घेऊन जाणारे गाईडही असतात. एकाचा नंबर मिळाला आणि आमच्या घरात तयारी सुरू झाली. काठी सोलापूर सोडून चालली म्हटल्यावर सासूबाईंचीही हरकत उरली नाही. अण्णांनी कोरी वही काढली आणि गाईडला विचारायचे प्रश्न लिहायला घेतले. परवाना कोण काढणार? पाणी किती थंड? गांडूळ लावावं लागणार नाही ना? कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठ दिवस टिकते, ती नेलेली चालेल का? रोज एखाद्या प्रश्नाची भर पडायची आणि रोज संध्याकाळी मी फोन लावायची.

चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की पहिला प्रश्न काही विचारला जात नाही. सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली, तो तसाच. वहीच्या अगदी वर, ठळक अक्षरात लिहिलेला: सोडलेला मासा जगतो का?

चाळीस वर्षं हा माणूस मासे सोडत होता, आणि सोडलेल्या माशाचं पुढे काय होतं हे त्याला माहीत नव्हतं. दगडूला त्यांनी एकदा विचारलं होतं. "नदीला इचारा की," एवढंच म्हणून दगडूनं होडी वळवली होती. पुन्हा विचारायचा धीर अण्णांना झाला नाही. पाण्याखाली जाऊन ते मरत असतील, तर आईला दिलेला शब्द चाळीस वर्षं दर सुट्टीला मोडत होता.

त्या संध्याकाळी फोन स्पीकरवर होता. अण्णा त्यांच्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले, "हमको मच्छी खाने का नहीं है, सिर्फ पकडने का है." गाईड हसला. "बाबूजी, हमारे यहां तो छोडनी ही पडती है." शिवाय गळाला उलटा काटा चालत नाही, म्हणाला. अण्णांची छाती एवढी फुगली, की मला तेच निमित्त पुरलं आणि पहिला प्रश्न मीच विचारून टाकला.

जगतो, गाईड म्हणाला. पण धरताना हात ओले पाहिजेत. कोरड्या हातानं किंवा कापडानं धरलं, तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो. मग तो पोहत जातो खरा, पण पुढे रोग लागून मरू शकतो.

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. मग म्हणाले, "मलमल वापरली, पोरी. दुकानातली सगळ्यात चांगली."

प्रवास रद्द झाला. माळ्यावरची काठी खाली आली नाही, सुट्टीचा दिवस ते घरातच बसून काढू लागले. दुकानात मलमलीचं गिऱ्हाईक आलं की नोकराला पुढे करायचे. मला माझ्याच तोंडाचा राग आला होता. नको तिथे चौकशी करायची खोड माझ्या आईला ठाऊक होती, सासरी ती अशी उघडी पडली. शेवटी तिसऱ्या सुट्टीला मी गाडी काढली, अण्णांना बळंच बसवलं आणि दगडूकडे नेलं.

दगडू काठावर जाळं सांधत बसला होता. इतके दिवस अण्णा का आले नाहीत ते मीच सांगितलं, मलमलीसकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सुई खाली ठेवली.

"मरत्यात म्हनून कोन म्हनलं? तुमचं मासं माज्या जाळ्यात येत्यात की, अण्णा. ओठाला भोक पडून भरलेलं असतंय. हितं गळ टाकनारं तुमी एकलंच, आमी समदे जाळंवाले. दुसऱ्या कुनाचं असनार?"

अण्णा उभेच राहिले. "किती येतात?"

"लई. एक कटला मासा तर मी वळखला बी. तुमी सोडला तवा दोन किलोचा आसंल, माज्याकडं आला तवा चार किलोचा झाल्ता."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीस ते?"

दगडू पुन्हा जाळ्याकडे बघायला लागला. "तुमी येवढ्या मायेनं सोडायचं, आन मी त्येच बाजारात न्यायचं. तुमाला वाईट वाटलं असतं. येनं बंद केलं असतं तुमी."

मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हे रागावणार. ते खाली मातीत बसले, धोतराची पर्वा न करता, आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होते. "चार किलो," ते म्हणाले. "म्हणजे जेवत-खात होता की रे." मग दगडूच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाजारात नेलेस ते तुझं पोट. माझ्या हातनं नाही गेले, झालं." इतका हलका झालेला माणूस मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला, हे कबूल करते.

करमाळा मागे पडायच्या आत ते म्हणाले, "फोन लाव त्याला. येतोय म्हणावं. आणि मलमल आणत नाही, हेही सांग."

आम्ही तिघं गेलो, अण्णा, मी आणि माझा नवरा. तीन दिवसांत अण्णांना एकच ट्राउट लागला, वीतभराचा. गाईडनं पिसांची केलेली खोटी माशी गळाला बांधून दिली होती, त्यामुळे गांडुळाचा प्रश्न मिटला होता. मासा जवळ आला तसे अण्णांनी दोन्ही हात त्या बर्फासारख्या पाण्यात बुडवले, इतका वेळ की बोटं निळी पडली आणि गाईडच म्हणाला, बस, बाबूजी. मग मासा पाण्यातच धरून त्यांनी गळ सोडवला. "होगप्पा." गाईडनं विचारलं, हा कुठला मंत्र? अण्णा म्हणाले, "मंतर नहीं. निरोप है." परतीच्या गाडीत उरलेली शेंगाचटणी त्यांनी अख्ख्या डब्यातल्या लोकांना वाटली.

त्यानंतर दोन वर्षं ते दगडूकडे जात राहिले, ओल्या हातांनी. गेल्या साली थोड्याशा आजारानं गेले. वहीतल्या पहिल्या प्रश्नापुढे त्यांनी कधीतरी खूण करून ठेवली होती, इतरांपेक्षा जरा मोठी.

दगडू भेटायला आला तो महिन्याभरानं. नवी पेठेतल्या गर्दीत विचारत विचारत, धुतलेला सदरा घालून. चहा घेतला, अण्णांच्या फोटोकडे पाहिलं. मग जायला उठला आणि दारात चपला घालताना, मान वर न करता, म्हणाला, "परवा योक आला जाळ्यात. ओठाला भोक असलेला. मोटा हुता, बाजारात चांगला गेला असता."

"मग?" मी विचारलं.

"सोडला. अण्णा म्हनायचं तसं म्हनलो बी. होगप्पा."

दगडूला कानडीचं एक अक्षर येत नाही.