दस्तगीर उस्तादांचा कान

गॅरेजात गंजके नट आणि किस्से, दोन्हींचा ढीग कधी हलत नाही. नट तरी भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? सोलापुरात मोटारी मोजक्याच होत्या, तेव्हाचे हे.

आमचे दस्तगीर उस्ताद कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून आलेले. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप असतो, मॅनिफोल्ड. जुन्या गाडीत तो तापून वाकडा होतो आणि जोडातून धूर फुसफुसतो. कुठल्या जोडातून, ते उस्ताद डोळे मिटून, नुसतं ऐकून सांगायचे. एकदा समोरच्या हॉटेलात चहा पिता पिता म्हणाले, "तिसऱ्या जोडाचं पॅकिंग जळलंय." गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी होती! खोललं, तर तिसरंच!

मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "हत्यारं सगळ्यांकडं हायत. कान तेवढा आमच्याकडंच!"

आम्हा गॅरेजातल्या पोरांतला मल्लय्या विणकराच्या घरचा, घरी तेलुगू, डोक्यानं तापट. एकदा वाकडा मॅनिफोल्ड इंजिनाच्या आटेवाल्या स्टडवर बसेना, म्हणून यानं हातोडा हाणला. बीडच ते, तडकलं!

उस्ताद ओरडले, "अरे, लोखंडाला समजावून सांगावं लागतं!"

"सांगितलं की उस्ताद! त्याला तेलुगू येत न्हाई!"

उस्ताद हसता हसता खाली बसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं.

मॅनिफोल्ड उतरवून इंजिन चालवलं की तोफा सुटायच्या. आम्ही कानात कापसाचे बोळे कोंबायचो. उस्तादांना दिला तर झटकून टाकायचे. "हातमोजे घालून नाडी बघायची व्हय रे?"

पुढं पुढं ते जोडापाशी सुताचा धागा धरायला लागले. धागा थरथरला की तिथं गळती. आम्ही चेष्टा करायचो, "उस्ताद, मोटारीला गंडा बांधताय काय?" मल्लय्या मात्र चेष्टा करायचा थांबला आणि घरून सूत आणून द्यायला लागला.

एका संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. अख्खं गाव ऐकतं तो भोंगा! आम्ही हात धुतले. उस्ताद पाना फिरवतायतच. आम्ही निघालेले दिसलो तशी चिडले, "आत्ताच कुटं? भोंगा तर होऊ द्या की!"

कुणीच हसलं नाही. मालक दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला आणि मल्लय्याला बाजूला घेतलं. "आज वकीलसाहेबांची गाडी हाय. मॅनिफोल्ड बसवून झाला की कुठला जोड फुसफुसतोय ते उस्तादांनी धागा न लावता, कानानं सांगायचं. न्हाई जमलं, तर उद्यापासनं घरी बसतील. मला तरी बरं वाटतंय व्हय?"

उस्तादांनी मॅनिफोल्ड असा बसवला, की एकेक नट नुसत्या बोटानं फिरत गेला. वकीलसाहेब आणि मालक शेजारी येऊन थांबले. उस्ताद बॉनेटपाशी डोळे मिटून उभे राहिले.

मल्लय्यानं हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं, एकसारखं चालायला लागलं.

उस्ताद तसेच उभे. जरा वेळानं म्हणाले, "मार की रे हँडल!"

मल्लय्यानं मालकांकडं बघितलं. मग उस्तादांचा हात धरला आणि हादरणाऱ्या मडगार्डवर ठेवला.

उस्तादांचे डोळे मिटलेलेच. तोंड मात्र फुललं.

"हां! आता आवाज आला! एकबी जोड फुसफुसत न्हाई!"