कुसुमची जखम आठ इंच होती

...अन् वरून दवाखान्यातले मले सांगून राह्यले, "मावशी, पेशंट गेला, फाइल क्लोज झाली. आता काही बदलत नाही."

माणूस मेलं का कागदावरचं खोटं खरं होते काय?

आज माह्या नणदेले, कुसुमले जाऊन वर्ष झालं. सकाळी बुद्धवंदना झाली, खीर वाटली, पाहुणे गेले. आता मी लिवतो. शुद्ध-अशुद्ध पाहू नका, चौथी शिकेल बाई हाव.

सोयाबीन काढताना तिची साडी मशीनीत गेली. पाय वाचला, पण नडगीवरचं चामडं सोललं.

डॉक्टर म्हणे, मांडीचं चामडं काढून तिथं लावा लागते.

कुसुम हासली. "वैनी, तू परकराले ठिगळ लावतं तसंच ना? डॉक्टरले सांग, टाके बारीक घ्या म्हणा. माह्यी वैनी टेलर हाय, नावं ठेवते."

अशी होती. पाय सोललेला, जीभ शाबूत.

मंग दवाखान्यातल्या सरकारी योजनेच्या खिडकीवरचा कॉम्प्युटरवाला आला. म्हणे, योजनेत फुकट इलाज पाह्यजे तं हर ऑपरेशनले एक कोड असते. ड्रेसिंगचा येगळा, चामडं लावाचा येगळा. जखम केवढी, त्याच्यावर कोड ठरते. अन् डॉक्टरनं फाइलीत माप लिवलंच नव्हतं.

"मावशी, साइज काय असंल?"

ड्रेसिंगच्या टायमाले मी टेप धरला होता. वरूनच, अंगाले न लावता. शिवणारीचा हात, राह्यवत नाही.

म्हटलं, "आठ बाय चार."

त्यानं टाकलं. आठ सेंटिमीटर, चार सेंटिमीटर.

आमी ब्लाऊज शिवणाऱ्या बाया. आमाले माप म्हणजे इंच. टेपाची उलटी बाजू आमी पाहतच नाही.

योजनेवाल्यायचं उत्तर आलं. जखम लहान, ड्रेसिंग पुरे. चामडं लावाले मंजुरी नाही.

घरी धाडलं.

दिवसाआड ऑटोत टाकून मी तिले ड्रेसिंगले नेलं. एक पाळी चुकू देली नाही. तिसऱ्या हप्त्यात ताप चढला. इन्फेक्शन रक्तात गेलं.

"वैनी, माह्या ब्लाऊजची बाही राह्यली लावाची." हे तिचं शेवटचं बोलणं.

मंग फाइलीची नक्कल काढली. पुतणीनं वाचली, अन् टेप उलटा करून माह्यापुढं धरला.

"मोठी आई, आठ इंच म्हणजे वीस सेंटिमीटर."

खाली लिवलेलं, "लहान जखम. घरच्यांनी निगा न राखल्याने चिघळली."

तेच ऐकून आमच्या गावच्या, रिठदच्या बाया बोलून राह्यल्या, वैनीनं नणद सडवली.

ऐका. मी इंच म्हटलं नाही, ते माह्यी चूक. चारचौघात सांगतो. पण माप डॉक्टरनं लिवाचं का शिवणारीनं? त्या भावानं "आठ काय?" येवढं पुसलं असतं तर त्याची जीभ झिजली असती काय?

मले पैसा नाही पाह्यजे. मले कागद खरा पाह्यजे. तिची जखम मोठी होती, अन् मी तिची निगा राखली, हे लिवा.

ड्रेसिंगच्या टायमाले नर्सबाईनं काढलेला जखमेचा फोटो माह्या मोबाइलात हाय. टेपासगट.

कुसुम, बाही लावली तुह्यी. जय भीम, बाई. नीट जाय.

अन् दवाखान्यातले जे वाचून राह्यले त्यायले सांगतो. येत्या बुधवारी बारा वाजेपर्यंत उत्तर द्या. नाही तर फोटो अन् टेप घेऊन मीच येतो, त्याच खिडकीवर.

बुधवार. बारा वाजता. लेखी.