धुरानं काळा झालेला दगड

सासुरवाडीच्या गोठ्यात दोन चुंगड्या, म्हणजे पोती, शेजारी शेजारी टेकवून ठेवल्या होत्या. एकीत गोवऱ्या, दुसरीत म्हशीला खायला घालायची सरकीची ढेप. सकाळी अंधुक उजेडात मी हात घालून चाचपलं, घट्ट चपटे तुकडे हाताला लागले, आणि ती चुंगडी मी खांद्यावर टाकून जीपमध्ये नेऊन ठेवली. जड लागली. पण सासरच्या गोवऱ्यासुद्धा कशा भरीव असतात, असं कौतुक मी वाटेत दोनदा बोलून दाखवलं. बायकोनं ते खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

आम्ही रोडगे करायला तलावावर निघालो होतो. धानाची चुरणी आटोपली, की आमच्याकडे हा एक बेत असतोच. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची रस्सेदार भाजी करायची, आणि तुपात बुडवून खात दुपार घालवायची. कणीक बायका मळतात. निखारा पुरुषांचा. वर्षभर ज्यानं घरात चहासुद्धा केलेला नसतो, तो त्या दिवशी लुंगी खोचून गोवऱ्यांचा हार कसा रचावा यावर सगळ्यांना शिकवतो. माझं आमगावात सायकल दुरुस्तीचं दुकान, पण त्या दिवसापुरता मी रोडग्यांचा जाणकार.

सासुरवाडी अर्जुनी मोरगावकडची, तिथून तलाव जवळ. सासरे वारलेले. सासू आमच्यासोबत जीपमध्ये होती, म्हणजे मागच्या बाकावर, डोक्यावरून पदर ओढून, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पिढीच्या बायका जावयासमोर बसत नाहीत, बोलत नाहीत. मी पुढच्या खोलीत शिरलो, की ती मागच्या दारानं बाहेर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूचा चेहरा मी नीट पाहिलेला तो फक्त लग्नाच्या फोटोत. मला काही विचारायचं असलं, की ती दाराआडून, मला ऐकू येईल असं बायकोला म्हणायची, "जवाई भात घेत्येत का, विचार." मी घेतो म्हणायचो, बायको घेतात म्हणायची, आणि मग भात यायचा.

तलावाच्या एका अंगाला टेकडी उतरते, तिथं एक मोठा दगड छपरासारखा पुढे आलेला होता. खाली दहा-पंधरा माणसं आरामात बसतील एवढी सावली. वारा लागत नाही, निखारा फुलतो, राख उडत नाही. म्हणून जो आधी पोहोचेल तो तिथंच चूल मांडायचा. दगडाचं पोट धुरानं काळंकुट्ट झालं होतं, आणि ते काळेपण हीच जागेची खूण. मुलांना लोक सांगायचे, जिथं काळा दगड दिसल तिथं गाडी थांबवा. माझ्या सासऱ्यांनी तिथं रोडगे भाजले, त्यांच्या वडिलांनीही भाजले असतील. त्या वर्षी आदल्याच आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे बाकीची जमीन ओली आणि ती जागा तेवढी कोरडी.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिथं कामठ्याकडचं एक कुटुंब बसलेलं होतं. मग आम्ही खाली, आंब्याच्या झाडाजवळ पसरलो. मी लुंगी खोचली, चुंगडी उलटी केली, आणि ढेप पडली.

बायकोनं ढेपेचा एक तुकडा उचलून वास घेतला, परत ठेवला, आणि म्हणाली, "आता म्हैस घेऊन या."

मी घमेलं घेऊन दगडाखालच्या लोकांकडे विस्तव मागायला गेलो. विस्तवाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. तिथं गेलो तर सासू आधीच तिथं बसलेली. खाली गार लागतं म्हणून त्यांच्यातल्या एका बाईनं तिला हाक मारून बसवून घेतलं होतं. बाई तिशीची असेल, पदर खोचून हार रचत होती. तिचा चुलतसासरा बाजूला वांगी चिरत होता. मला पाहताच सासू उठली, पदर ओढला, आणि पाण्याच्या कडेला जाऊन तलावाकडे तोंड करून उभी राहिली.

एवढ्यावर मी घमेलं भरून निघायला हवं होतं. पण त्या बाईचा हार मला जरा दाट वाटला. मी तिला मधे हवेला जागा कशी ठेवावी, उभ्या गोवऱ्या कुठं आणि आडव्या कुठं, हे सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलावत ऐकून घेतलं. घमेल्यात बाजूच्या चुलीतले निखारे घातले, वर चांगल्या गोवऱ्याही रचून दिल्या. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमच्या इकडं ढेपेचे रोडगे चांगले लागतात का?"

सासूनं तिला सांगून टाकलं होतं तर. मी घमेलं उचलून निघालो. आंब्यापर्यंत पोहोचायच्या आधी मागं आवाज झाला. स्फोटासारखा नव्हता. भरलेली बैलगाडी उलटावी तसा, जड आणि लगेच संपलेला. वळून पाहिलं तर धूळ होती आणि छप्पर नव्हतं.

बायको माझ्या अंगावरून धावत गेली. "माय" एवढंच ओरडत होती. मीही धावलो. सासू पाण्याच्या कडेला होती तिथंच होती, घोट्यापर्यंत पाण्यात गेलेली, अंगाला कुठं लागलेलं नाही. बायकोनं तिला मिठी मारली तेव्हा मी पहिल्यांदा सासूचा चेहरा पाहिला. पदर तिच्या लक्षात नव्हता.

तलावावरचे नावाडी बांबू आणि दोर घेऊन आले. जीपला दोर लावून एक तुकडा हलवला. मोबाइल माझ्या खिशात होता, त्याला रेंज नव्हती. शेवटी कोणीतरी मोटारसायकलवर पोलिसांना सांगायला गेलं. दगडाखाली सापडून ती बाई आणि तिचा चुलतसासरा मेले. बाकीचे पाणी आणायला, होड्या पाहायला पांगलेले होते म्हणून वाचले.

तिचा नवरा मुलीला घेऊन होडीत बसला होता. तो आला तेव्हा दगड हलवून झाले होते. तो रडला नाही, त्यानं आरडाओरडही केली नाही. पंचनामा चालू असताना तो माझ्याजवळ आला, कारण विस्तव न्यायला गेलेला मीच तिच्याशी शेवटचा बोललो, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणाला, तिला होडीत चल म्हटलं होतं. ती नाही म्हणाली, रोडगे कोण पाहील म्हणाली. त्यावरून तो तिला नाही नाही ते बोलून गेला होता.

"ते रागात होती का गा, भाऊ?"

मी तिला हार रचायला शिकवत होतो, तिचं तोंड मी पाहिलंच कुठं? मी म्हणालो, मला विस्तव दिला, गोवऱ्या दिल्या. तो म्हणाला, "त्याच्यानंतर?" त्याच्यानंतर तिच्याजवळ असलेल्यांत वाचली ती फक्त माझी सासू. तो सासूकडे गेला, तेच विचारलं. परका पुरुष समोर, बाजूला जावई. तिनं पदर तोंडात धरला आणि मान खाली घातली. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

पुढे त्या जागी तारेचं कुंपण झालं, पाटी लागली. साहेब लोक म्हणाले, भेगेत पाणी मुरलं, वरच्या पिंपळाच्या मुळांनी भेग रुंदावली. एकानं असंही सांगितलं, की वर्षानुवर्षं खाली जाळ केल्यानं दगड आतून फुटत जातो. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून तो थोडा थोडा भाजलाच होता.

सासूनं जेवण कमी केलं. बायको विचारायची, तर म्हणायची, त्या पोराले काही सांगितलं नाही मी. तेरवीला जायचं तिनंच काढलं. आम्ही तिला घेऊन कामठ्याकडे त्यांच्या गावी गेलो. मला वाटलं, ती आत बायकांत बसेल. मी ओसरीवर पुरुषांत बसलो, त्या नवऱ्याच्या शेजारी. सासू आली आणि आमच्या दोघांसमोर, खाली जमिनीवर बसली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"बापू," ती त्याला म्हणाली, "ते रागात नव्हती. हासून राहिली होती."

त्यानं वर पाहिलं. "कायले?"

सासूनं माझ्याकडे बोट केलं. "या आमच्या जवायावर. ढेप घेऊन आले अन् तिले हार लावनं शिकवून राहिले होते. हे पाठमोरे झाले अन् तिले हासू आवरेना. पोट धरून हासली, बापू."

ओसरीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो नवराही माझ्याकडे बघत राहिला, माझ्या चेहऱ्यावर ते पटण्यासारखं काही आहे का, हे तपासल्यासारखा. मग त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा होता की दुसरा, सांगता येणार नाही. त्यानं मुलीला हाक मारली, मांडीवर घेतलं, आणि तिला म्हणाला, "आई हासत होती, म्हंते आजी."

परत येताना सासू मागच्या बाकावर झोपली. तिला गाढ झोप लागल्याचं पाहून बायको हळूच म्हणाली, "माय तर पान्याकडं तोंड करून उभी होती. तिले मागचं काय दिसलं असल?"

मी म्हणालो, "मग?"

"मग काही नाही. तुमच्यावर कोनी हासलं म्हटलं, तर कोनालेही खरंच वाटते."