मुसकं बांधून काढलेला वाघ

माझं तोंड असं, की पुणतांब्यात गोदावरीच्या या काठावर मी शिंकलो तर पलीकडच्या काठावरचे लोक म्हशी गोठ्यात नेऊन बांधायचे. असलं तोंड घेऊन मी लढाईच्या दिवसांत नगरच्या एका शिळाप्रेसमध्ये टाकाचं चित्रकाम शिकायला गेलो. तिथला पहिलाच नियम होता: दगडावर वाकलं की बोलायचं नाही.

नियम उगाच नव्हता. गुळगुळीत दगडावर चरबीच्या शाईने उलटं चित्र काढायचं, त्याचीच छाप मग कागदावर उठायची. कोऱ्या दगडावर थुंकीचा शिंतोडा उडाला तर तेवढ्या जागी शाई धरत नसे. काढताना काही कळायचं नाही. छापून बघावं तर लक्ष्मीच्या गालावर कोड.

शिकवायला उस्ताद होते. खिडकीतल्या गादीवर बसणारे, तोंडात पान, आणि स्वभाव असा की विंचूसुद्धा त्यांना विचारून डसत असावा. माझी रेघ वाकडी गेली की तोच टाक ते माझ्या मनगटावर ओढायचे. चूक दगडाला कळत नाही, कातडीला कळते, असं त्यांचं शास्त्र. बिघडवलेला दगड ज्याचा त्यानेच पाणी-वाळू टाकून कोरा घासायचा, हा तिथला रिवाज. मी इतके दगड घासले की आमच्या गल्लीत वाळवंट झालं.

तरी तोंड थांबेना. तेव्हा उस्तादांनी बाजारातून मुसकं आणलं. मळणीच्या बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून बांधतात ना, ती सुतळीची जाळी. आतून कापडाचा धडपा शिवला आणि माझ्या थोबाडाला आवळलं. सगळा प्रेस पोट धरून हसला. मालक तर गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवायचे.

पण त्या मुसक्याने एक केलं. बोलणं कोंडलं, ते हातात उतरलं. श्वास सोडत रेघ ओढायची, मनगटातून नाही तर खांद्यातून, स्वतःकडे. सुरुवातीला टाक नुसता टेकवायचा, मध्ये दाबायचा, शेवटी उचलायचा, म्हणजे रेघ गवताच्या पात्यासारखी निघते. दुसरी रेघ पहिलीच्या शेजारी, पण तिला न शिवता. हे सगळं मला उस्तादांनी शिकवलं. एकही गोष्ट प्रेमाने शिकवली नाही.

मग छापून झालेले दगड घासणारा गडी पलटणीत भरती होऊन गेला. त्याच सुमारास शेवगावच्या एका बिडीवाल्याला पुड्यावर वाघ हवा होता. मालकांना एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. ते म्हणाले, "दोघंही वाघ काढा. ज्याचा चांगला उठेल तो खिडकीत बसेल. दुसऱ्याने दगड घासायचे." उस्तादांचा हात हल्ली कापायचा, नजर धुरकटली होती, मालकांनी ते हेरलेलं होतं. उस्तादांनी मालकांचा डाव ओळखला. माझ्यापुरतं म्हणाल तर मला ती खिडकी हवी होती. दया आली नाही.

शेजारी शेजारी बसलो. उस्तादांच्या वाघाचं अंग असं उतरलं की माशी दगडावर बसेना. कापणाऱ्या हाताने त्यांनी लव काढली, आणि कंपाचीच लव झाली. उरलं होतं फक्त तोंड. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरलोय का, ते त्यांना बघायचं होतं. मुसक्यातून मी काय बोलणार? त्यांच्या वाघाकडे पाहून मी एक भुवई वर केली. एकच.

"तू? तू मला भुवई दाखवतोस?" दगडावर वाकलेले असतानाच उस्ताद उसळले. "बैला, तुला टाक धरायला मी शिकवलं. तुझ्या सात पिढ्यांनी नांगराशिवाय रेघ ओढली नव्हती."

बोलणं लांबलं. पानाने भरलेलं तोंड ते. राग ओसरेपर्यंत शिंतोडे वाळून गेले, आणि त्या धुरकट नजरेने उस्तादांनी त्या शिंतोड्यांवरच वाघाचं तोंड काढलं.

छाप उठली. अंग राजाचं आणि तोंडभर पांढरे डाग. माझा वाघ दूध चोरणाऱ्या बोक्यासारखा होता, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग. बिडीवाला म्हणाला, "मला बिड्या इकायच्यात, वाघ न्हाई. ह्योच चालंल."

मालकांनी उस्तादांपुढे वाळूची बादली सरकवली. रिवाज उस्तादांचाच होता. त्यांनी शेपटीकडून घासायला सुरुवात केली.

त्या हिवाळ्यात गार पाण्याने आणि वाळूने त्यांची बोटं फुटली. पण घासताना तोंड मोकळं. दिवसभर खालून ऐकू यायचं: "ही रेघ मेली. ही लंगडी. मिशा काढतोस का झाडू?" मी वर, खिडकीत, मुसकं बांधूनच, कारण ते सोडलं की माझीही थुंकी उडायची. उत्तर देता येत नसे, म्हणून मी बोटाने खूण करून त्यांच्यापुढे आणखी एक दगड ठेवायला लावायचो. रात्रीतून कळ्या उमलाव्यात तशी त्यांच्या शिव्यांवर माझी रेघ फुलत गेली. पुढं तर नगरात अशी रेघ दुसऱ्या कुणाची नाही, असं लोक म्हणायचे.

हे उस्तादांना मी कधी सांगितलं नाही. तोंड बांधलेलं होतं ना.